वारा सुका का ओला

मी बीडला निघालो तेव्हा मुंबईत भेटेल तो विचारत होता, "कशाला?" बीडला पोचलो तर तिथे भेटेल तो विचारू लागला, "कावून?" दोन्हींचा अर्थ एकच. मोगलाईतल्या, म्हणजे निजामाच्या राज्यातल्या, त्या गावाला कोणी आपण होऊन जातो यावर दोन्हीकडच्या लोकांचा विश्वास नव्हता. परत आल्यावरही प्रश्न थांबलेला नाही, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

मी मूळचा रत्नागिरीकडचा. काही वर्षं शाळेत भूगोल शिकवला आणि मग मुंबईत बंदराजवळच्या एका शेठजींच्या पेढीवर लागलो. पेढीच्या भिंतीवर जगाचा एक मोठा नकाशा होता. पहिल्याच दिवशी त्याच्यापुढे उभा राहून मी शेठजींना सांगितलं, की कुठला देश काय विकणार आणि काय विकत घेणार हे त्याची जमीनच ठरवते. काळी माती असेल तो कापूस विकणार, समुद्र असेल तो मीठ विकणार, आणि ज्याच्याकडे जे नाही ते तो बाहेरून आणणार. शेठजी म्हणाले, "हे माझ्या आजोबांनाही ठाऊक होतं. पण तू बोलतोस छान." आणि मला ठेवून घेतलं. तेव्हापासून पेढीवर सगळे मला मास्तर म्हणतात.

यंदा चैत्रात एडनहून आमच्या अडत्याचं पत्र आलं. एडन हे बंदर मोठं, जहाजं सगळी तिथे कोळसा घ्यायला थांबतात, पण गावात प्यायला गोडं पाणी दुर्मिळ, आणि जे मिळतं ते कढत. तिथल्या कचेऱ्यांतल्या साहेबलोकांना गार पाणी हवं होतं. शेठजींनी नकाशाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. मी जराही न अडखळता बीडवर बोट ठेवलं. बीडची छागल, म्हणजे प्रवासात न्यायची चामड्याची पाण्याची पिशवी, मी एका फौजदाराकडे पाहिली होती. तिच्यातलं पाणी भर उन्हात गार राहतं. शेठजी म्हणाले, "साठ घेऊन ये. पसंत पडल्या तर दर बोटीला पाठवू." एवढ्यावर मी निघालो.

कडा, आष्टी, पाटोदा

नगरपर्यंत आगगाडी, पुढे उस्मानभाईंची बैलगाडी. उस्मानभाई बीडचेच, वयानं माझ्याहून मोठे, आणि बैलांशी जितकं बोलत तितकं माणसांशी बोलत नसत. कड्याला एका ओसरीवर उतरलो आणि मी चहा मागितला. घरधनी धावत बाहेर आले, माझ्या कपाळाला हात लावला आणि विचारलं, "ताप कवापासून हाय?" त्या भागात चहा हे औषध आहे. मग ताप नाही हे पटवण्यात बराच वेळ गेला आणि चहा राहूनच गेला. जेवायला मात्र ज्वारीची भाकरी आणि येसराची आमटी मिळाली. आमच्याकडे नारळ वाटून जे करतात ते इथे भाजलेल्या धान्याच्या पिठावर भागवतात, आणि अहो, काय आमटी ती! मी तीनदा घेतली. घरधन्यांनी तापाबद्दल पुन्हा विचारलं नाही.

या रस्त्याची एक गंमत सांगायला हवी. नगरहून निघालं की आधी इंग्रजी मुलूख, मग कडा आणि आष्टी मोगलाईत, मग जामखेड पुन्हा इंग्रजी, मग पाटोदा पुन्हा मोगलाई. दोन दिवसांत मी दोनदा परदेशी गेलो आणि दोन्ही वेळा पायात तेच फाटकं पायताण होतं. माळ सगळीकडे सारखाच उजाड. रस्त्याच्या दोन्ही अंगांना तरवडाची झुडपं, पिवळी फुलं. दुसरं काही उगवायला तयार नव्हतं.

समोरून येणाऱ्या गाड्यांत कापूस, करडई, जवस. आमच्या दिशेनं चाललेल्या गाड्यांत मीठ आणि खोबरं. माझा सिद्धान्त दोन्ही बाजूंनी बैल जोडून चालला होता. पाटोद्याच्या बाजारात तर एका दुकानदारानं खोबऱ्याच्या चार वाट्या फडक्यात गुंडाळून गल्ल्यामागे ठेवल्या होत्या. आमच्या दारात पडलेला नारळ उचलायचा आम्हाला कंटाळा येतो. ते फडकं बघून मला घरची एकदम आठवण आली आणि डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

उस्मानभाईंना मी समजावून सांगितलं, "तुमच्या राज्याला समुद्र नाही, म्हणून तुम्हाला मीठ आमच्याकडून घ्यावं लागतं."

उस्मानभाई म्हणाले, "समुंदर हाय की. गोणीत येतो."

बीड

मांजरसुंब्याचा घाट उतरून तिसऱ्या दिवशी बीडला पोचलो. बिंदुसरेच्या पात्रात वाळू होती आणि वाळूत खड्डे करून बायका वाटीवाटीनं पाणी भरत होत्या. पात्रापलीकडे छागली करणाऱ्यांची गल्ली. गल्लीतल्या निम्म्या दारांना कुलपं. विलायती कलईच्या बाटल्या बाजारात आल्यापासून छागलीला गिऱ्हाईक उरलं नव्हतं, माणसं एकेक करून गिरण्यांत निघून गेली होती.

कारागिराचं नाव लिंबाजी. पन्नाशीचा माणूस, बोटं तरवडाच्या सालीनं तांबडी झालेली. त्याची बायको सोनाबाई दोऱ्याला मेण लावत बसली होती. मी साठ छागलींचं सांगितलं तेव्हा तिचा हात थांबला. ती म्हणाली, "आमचं बी कुलूप आनून ठिवलंय. दोन्ही लेकरं म्हमईला बोलावत्यात. ह्यो माल पास झाला तर ते कुलूप मी आडात टाकीन."

लिंबाजीनं टोपी काढून परत घातली. गल्लीतल्या उरलेल्या चारही घरांना त्यानं कामाला लावलं. माझा मुक्काम आठ दिवस झाला. कातडं तरवडाच्या सालीत मुरलेलं तयार होतंच. ते कापायचं, पाण्यात भिजवायचं, दुहेरी टाका घालायचा, तोंडाला लाकडी बूच. टाका इतका बारीक की पाणी गळत नाही, पण कातडं बाहेरून ओलसर राहतं, आणि वाऱ्यानं ती ओल उडाली की आतलं पाणी गार होतं. मी लिंबाजीला विचारलं, हा धंदा बीडलाच का? तो म्हणाला, "आमच्याकडं ढोरं लई, तरवड लई, ऊन तर इचारू नका. पानी तेवढं न्हाई. दुसरं काय करावं मानसानं?" माझं सगळं नकाशाचं भाषण त्यानं टाका घालता घालता संपवलं.

कातड्यातलं पाणी पिणं आमच्या घराण्यात बसत नाही. पहिल्या दिवशी मी तांब्याभर कोमट पाण्यावर राहिलो. दुसऱ्या दिवशी दुपारी म्हटलं, घराणं रत्नागिरीला आहे. लिंबाजीनं छागल माझ्या हातात दिली नाही. खुंटीला अडकवली आणि चार पावलं मागं सरकला. मी ती काढून घेतली, प्यायलो, आणि परत खुंटीला अडकवली. ते पाणी असं गार होतं की दात कळवळले. तो मागं का सरकला हे मला कळलं होतं आणि मी तसाच गप्प राहिलो, हेही लिहून ठेवतो.

निघायच्या आदल्या दिवशी लिंबाजीनं विचारलं, "मास्तर, त्या गावाला वारा सुका हाय का ओला?"

मी म्हटलं, "अरे, तिथे पाणी नाही. बास झालं की."

"पान्याचं न्हाई इचारलं. वाऱ्याचं इचारलं."

मी त्याला एडनचे अक्षांश सांगितले. तो ऐकून घेऊन म्हणाला, "असंल." आणि पुन्हा टाका घालायला लागला.

सकाळी उस्मानभाईंची गाडी भरायला गेलो तर साठच्या साठ छागली तोंडापर्यंत पाण्यानं भरलेल्या. मी म्हटलं, "हे काय? रिकाम्या करा!" सोनाबाईनं कानावर हात ठेवले. त्या गल्लीत रिकामी छागल कोणी कोणाला देत नाही. दिली तर घेणाऱ्याच्या वाटेवरचं पाणी आटतं. लिंबाजीनं शिवाय सांगितलं, की कोरडी पडली तर कातडं आक्रसतं आणि टाका उसवतो. या पाण्यासाठी गल्लीतल्या बायका नदीतल्या खड्ड्यांपाशी रात्रभर बसल्या होत्या. मी छागली तशाच भरलेल्या गाडीत चढवल्या. माल पास होतो का ते बघायला लिंबाजीही गाडीबरोबर नगरपर्यंत यायला निघाला.

नाका

पाटोदा सोडल्यावर मोगलाईच्या हद्दीवर करोडगिरीचा नाका लागतो. करोडगिरी म्हणजे तिथलं जकातीचं खातं. नाक्यावरचे मुन्शीजी हैदराबादकडचे, पांढरी दाढी, चष्म्याची एक काडी सुतळीची. चामड्यावर जकात वजनाप्रमाणे. त्यांनी पहिली छागल काट्याला लावली आणि काटा खाली गेला तो वर येईना.

"मास्तरसाब," ते म्हणाले, "ये बैल लोहे का था क्या?"

मी सांगितलं की आत पाणी आहे. मुन्शीजींनी चष्मा पुसला. राज्यातून बाहेर जातो तो माल, आणि मालावर जकात, असा त्यांचा नियम. तेव्हा पाणी हा माल आहे की नाही, हे पाहायला त्यांनी दरांचं बाड काढलं. पान होतं, पापड होता, पाणी तेवढं नव्हतं. त्यांनी सबंध बाड उलटसुलट चाळलं. मी मध्येच सुचवलं की पाण्याकडे काणाडोळा करावा. ते फार दुखावले. "बीस साल नौकरी की है," म्हणाले, "आँख बंद करके नै की."

शेवटी लिंबाजीच पुढे झाला. "पानी वाया घालवायचं न्हाई. पिऊ द्या ज्याला प्यायचंय त्याला. पर प्रत्येकीत घोटभर राहू द्या." नाक्याची विहीर महिन्यापूर्वीच आटली होती. अडकून पडलेल्या गाडीवानांनी ओंजळी धरल्या, कोणाचं पाणी म्हणून एकानंही विचारलं नाही, आणि उरलेलं दगडी दोणीत ओतलं. बैलांनी दोणीचा तळ चाटून काढला.

मुन्शीजींनीही एक छागल तोंडाला लावली. डोळे मिटले, आणि म्हणाले, "बीड की है. मी हजला गेलतो तेव्हा हीच होती माझ्यापाशी."

मी खूश होऊन विचारलं, "तिकडेही पाणी गार राहिलं ना?"

"जहाज पे? बिलकुल नै. एडनला उतरलो, जेद्द्याला उतरलो, पाणी तसंच गरम. मला वाटलं, छागल बिघडली. मग उंटावर बसून मक्केच्या वाटेला लागलो, समुंदर मागे राहिला, आणि दुसऱ्या दिवशी पाणी असं थंड, की मी रडलो."

मी दोणीच्या काठावर बसलो. रत्नागिरीला आमच्या घरी माठातलं पाणी कधी म्हणजे कधी गार होत नाही. समुद्राची दमट हवा ओल उडूच देत नाही, धोतर वाळायला दोन दोन दिवस लागतात. मी त्या हवेत लहानाचा मोठा झालो. आणि एडन, अहो, समुद्रावरच आहे! नकाशावर मीच बोट ठेवून दाखवलं होतं. लिंबाजी मला गाव विचारत नव्हता, वारा विचारत होता, आणि मी त्याला अक्षांश सांगितले. माझी मलाच इतकी लाज वाटली की मुन्शीजी पुढे काय बोलले ते मला ऐकूच आलं नाही.

मुन्शीजींनी छागली घोटभर पाण्यासकट तोलल्या, कारण नियम तो नियम. पाण्याचा दर नसल्यामुळे ते 'इतर' या सदरात गेलं. पावती उर्दूत लिहिली आणि मला वाचून दाखवली: चामड्याच्या छागली साठ, पाणी बीडचं, घोट साठ. सही करताना ते थोडे थांबले. "इस मुल्क से पानी बाहर जा रहा है," म्हणाले, "पहली बार लिख रहा हूँ." आष्टीकडच्या पुढच्या नाक्यांसाठी त्यांनी वेगळी चिठ्ठीही दिली.

जामखेड मागे पडलं. मग लिंबाजी म्हणाला, "मुन्शी म्हनला ते खरं हाय का, मास्तर?"

"खरं असावं."

"मंग शेठला सांगाल ना?"

"सांगीन की."

त्यानं पुन्हा टोपी काढून घातली. उस्मानभाई मागे वळून म्हणाले, "मास्तर, सांगाच बरं का," आणि बैलांशी बोलायला लागले.

नगर

शेठजी कापसाच्या कामाला नगरला आलेलेच होते. स्टेशनाबाहेरच्या लिंबाखाली आम्ही भेटलो. भर दुपार, सुका वारा सुटलेला. एक छागल आम्ही सकाळीच भरून गाडीच्या दांडीला टांगली होती. शेठजी प्यायले. पुन्हा प्यायले. मग तोंडावरून हात फिरवून म्हणाले, "वा रे मास्तर! बर्फ आहे बर्फ! आजच्या मालगाडीला लाव. आणि याला सांग, दर बोटीला साठ."

आता बोलायचं होतं. शेठजी माझ्या पाठीवर थाप मारत होते. मनात आलं, बोलून काय मिळणार? लिंबाजीचं घर चालेल, माझी नोकरी राहील, एडनचं एडन बघून घेईल. इतका नीच विचार मी पूर्वी केला असेन, पण एवढ्या झटपट नाही.

लिंबाजी माझ्याकडे पाहत होता. मी लिंबाकडे पाहायला लागलो.

तो म्हणाला, "शेठ, तुमच्या त्या गावाला हे असं गार न्हाई राहनार. समुद्राचा वारा ओला असतोय. लोक पिऊन थुकतील, आन बीडचं नाव जाईल."

शेठजींची थाप थांबली. "मास्तर, तुला हे ठाऊक होतं?"

"नाक्यापासून," मी म्हटलं. "आणि खरं म्हणजे लहानपणापासून."

त्यापुढे शेठजी जे बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. भूगोल येतो म्हणून मला ठेवला होता, आणि तोही येत नाही, असा त्याचा गोषवारा. मी सगळं ऐकून घेतलं. लिंबाजी छागली मोजून परत गाडीत ठेवायला लागला. चेहऱ्यावर काही नव्हतं, पण एकच बूच तो पुन्हा पुन्हा काढून बसवत होता. मला आडात न पडलेलं ते कुलूप दिसायला लागलं.

मी त्याच्याजवळ गेलो. "लिंबाजी, पाणी दे," म्हटलं आणि हात पुढे केला. त्यानं आधी इकडेतिकडे पाहिलं, खुंटी नव्हती. मग छागल माझ्या हातात दिली. मी प्यायलो. तेवढ्यात त्यानं शेठजींना विचारलं, "त्या गावाहून आत, समुद्र सोडून, कुनी जातं का?"

"उंटांचे तांडे जातात, डोंगराकडे," शेठजी तुटकपणे म्हणाले.

"तिथला वारा?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "ठाऊक नाही." शाळेत इतकी वर्षं शिकवलं, पण हे वाक्य माझ्या तोंडून कधी निघालं नव्हतं. शेठजींनी मला नीट पाहून घेतलं. मग म्हणाले, "तर मग विचार की, बाबा."

मी तारऑफिसात गेलो आणि एडनला तार केली: डोंगराकडे वारा सुका का ओला. तारबाबूला ही सट्ट्याची गुप्त भाषा वाटली, त्यानं मला दोनदा वरून खाली न्याहाळलं. त्या रात्री लिंबाजी आणि उस्मानभाई गाडीखाली झोपले, मी धर्मशाळेत नुसता पडून राहिलो. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: सुका, पाठवा. मी ते वाचून दाखवलं तेव्हा लिंबाजीनं छागली पुन्हा गाडीतून उतरवायला घेतल्या. उस्मानभाईंनी ही बातमी आधी बैलांना सांगितली.

मुंबई

पावसाळा संपता संपता एडनच्या अडत्याचं पत्र आलं. छागली तांडेवाल्यांनी हातोहात उचलल्या, आणखी दुप्पट मागितल्या होत्या. मी ते बीडला कळवलं. सोनाबाईनं कुलूप आडात टाकलं, आणि आडाला पाणी नसल्यामुळे ते आपटल्याचा आवाज गल्लीभर ऐकू गेला, असं लिंबाजीनं कोणाकडून तरी लिहवून पाठवलं. गल्लीतली आणखी दोन दारं उघडली आहेत. पेढीवर आता कुठलाही माल पाठवायचा झाला की शेठजी नकाशाकडे पाहण्याआधी विचारतात, "तिथला वारा कसा आहे?" साबण असला तरी विचारतात.

अडत्याच्या पत्रात शेवटी एक तक्रार होती. काही छागलींचं बूच काढलं तर आत घोटभर पाणी निघालं. पेढीनं याची मागणी केलेली नाही, बिलातही ते दिसत नाही, तेव्हा हे पाणी कुठलं आणि त्याचं काय करायचं ते कळवावं.

मी मुन्शीजींची पावती काढून टेबलावर ठेवली आणि उलट टपाली लिहिलं: पाणी बीडचं आहे. कोणीतरी तहानलेला पाहून त्याला द्यावं. जकात भरलेली आहे.